एकशे अडुसष्टची नोंद

प्रभावती गेली ते नागनाथला कळलं तेव्हा तो बार्शीच्या मार्केट यार्डात बोराडे आडत्याच्या मोठ्या काट्याखाली उताणा पडला होता. उडदाची आवक सुरू झाली होती आणि काटा पोत्यामागे दोनशे ग्रॅम खात होता. नागनाथ कोठावळे हा वजनकाटे दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. फोन वाजला तेव्हा त्याचे हात ग्रीसने भरले होते, म्हणून बोराडेनेच तो उचलून स्पीकरवर टाकला.

"भावजी, लगेच घरी या," शेजारची लता बोलत होती. "प्रभाताई उठंनात."

"उठंना म्हणजे?"

"हाका मारून दमले. डोळे उघडेच आहेत हो."

नागनाथला जे कळायचं ते कळलं.

दुपारचे सव्वाचार झाले होते. दिवस हरतालिकेचा. बाहेरच्या खोलीत पाट मांडलेला, पाटावर वाळूची पिंड, भोवती पत्री. पाटाशेजारी प्रभावती कुशीवर पडली होती. तिच्या दंडावर साखर मोजून इन्सुलिन सोडणारी रुपयाएवढी पांढरी पट्टी होती आणि पट्टीतला बारका दिवा हिरवा होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट टोचून साखर बघितली. एकवीस.

"उपास होता का?"

"हरतालिका."

"निर्जळी?"

"दरवर्षी करते."

"अहो, साखरेच्या पेशंटनं निर्जळी करायची? आणि तुम्ही करू दिलीत?"

पुढचे तेरा दिवस येणारा जाणारा प्रत्येक माणूस हेच म्हणाला. कुणी हळहळून म्हणालं, कुणी बोट दाखवून म्हणालं. उपासानं गेली. नवऱ्याला आयुष्य लाभावं म्हणून उपास करायचा, आणि नवरा काट्याखाली धडधाकट. नागनाथ मान खाली घालून ऐकत राहिला, कारण दुपारची गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

त्या दुपारी साडेबाराला तो जेवायला घरी आला होता. तिला खायचं नव्हतं तरी त्याच्यासाठी तिने भाकरी थापली होती. ताट वाढताना म्हणाली, "अहो, हात थरथरतोय माझा." मोबाइलमध्ये पट्टीचा आकडा बघितला तर एकशे एकाहत्तर. म्हणजे साखर थोडी जास्तच. तिला ते पटेना. तिने कपाटातून बोट टोचायचं जुनं मीटर काढलं, थेंब दिला. मीटरवर आलं बावन्न.

"बघा. हे म्हणतंय बावन्न, पट्टी म्हणतीय एकशे एकाहत्तर. कुणाचं खरं धरू?"

"ते मीटर जुनं झालंय. ही नवी वस्तू दर पाच मिनिटाला मोजतीय. ती चुकंल व्हय?"

"मग गूळ नको ना खायला? उपास मोडावा लागतो की काय, वाटलं."

"कशाला मोडतीस," नागनाथ म्हणाला, आणि भाकरी मोडून खाल्ली.

गिऱ्हाइकांना तो तीस वर्षं एकच गोष्ट सांगत आला होता. दोन काटे भांडले तर तिसरा काटा आणू नका, वजन आणा. शिक्क्याचं वजन ठेवा, कोण खोटं ते लगेच कळतं. घरात दोन काटे भांडले तेव्हा त्याने वजन आणलं नाही. नव्याची बाजू घेतली.

चौदाव्या दिवशी त्याने औषधाच्या दुकानातून एक छोटी बाटली आणली. मीटर तपासायचं द्रावण त्यात असतं, आणि त्यात साखर किती ते बाटलीवर छापलेलं असतं. एकशे दहा ते एकशे तीसच्या मध्ये यायला पाहिजे. त्याने प्रभावतीच्या जुन्या मीटरला एक थेंब दिला. एकशे अठरा. दुसरा दिला. एकशे एकोणीस.

जुनं मीटर खरं होतं. नागनाथ स्वयंपाकघरात खाली बसला. बऱ्याच वेळाने उठला आणि प्रभावतीचा मोबाइल उघडला.

पट्टीचं नाव 'मधुरेखा'. मुलगी रेवती पुण्याला नोकरी करते, तिने आईसाठी घेऊन दिली होती. नोंदी बघाव्यात म्हणून नागनाथने बोट लावलं तर पडद्यावर आलं: खातेदार हयात नाही. वारस म्हणून प्रवेश हवा आहे का? त्याने हो म्हटलं. एकाहत्तर पानांचा करार आला. खाली एकच बटण होतं, 'सहमत'. दुसरं बटणच नव्हतं. बायकोचे शेवटचे आकडे त्या बटणाच्या पलीकडे होते. त्याने दाबलं.

बारा चाळीस: एकशे एकाहत्तर. दोन वाजता: एकशे चौसष्ट. चार वीसला, म्हणजे लताचा फोन येऊन गेल्यावर: एकशे अडुसष्ट. त्याखाली फुलाचं चित्र आणि वाक्य: 'शाब्बास प्रभावती! आज दिवसभर साखर आटोक्यात!' सकाळपासून पट्टीने तिला सात वेळा इन्सुलिन दिलं होतं. पोटात अन्नाचा कण नसलेल्या बाईला सात वेळा.

असं का झालं ते शोधायला त्याला कुठल्या शास्त्रज्ञाकडे जावं लागलं नाही. कंपनीने जाहिरातीतच मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं.

पट्टीच्या खालून केसापेक्षा बारीक तार कातडीत जाते. तारेवर एक द्रव्य लावलेलं असतं. साखर त्याला भिडली की बारीकसा विद्युतप्रवाह निघतो, आणि प्रवाहावरून साखर काढतात. पण ते द्रव्य शिळं होतं. उन्हाने, घामाने, दिवस गेले की साखर तेवढीच असून प्रवाह कमी येतो, आणि आकडा खोटाच खाली उतरतो. नागनाथला हे नवं नव्हतं. काट्याच्या ताटाखालचा वजन मोजणारा लोडसेलही असाच सरकतो. म्हणून तर दरवर्षी वजनं ठेवून काटा जुळवायचा. जुन्या पट्ट्यांना रोज दोनदा बोट टोचून जुळवावं लागे. मधुरेखाने ते टोचणं बंद केलं. 'आता सुई नाही! समूहजुळणी!' जिल्ह्यात एका वयाच्या हजारो बायकांच्या दंडावर पट्ट्या. एकीचा आकडा खाली गेला तर तिची साखर उतरली. पण सगळ्यांचे आकडे एकाच वेळी खाली गेले तर? हजारो बायकांची साखर एका तासात एकदम कशी उतरेल? म्हणजे साखर उतरलेली नाही, ऊन वाढलंय, तारा शिळ्या झाल्यात. मग यंत्र सगळ्यांचे आकडे उचलून वर नेतं.

हजारो बायकांची साखर एकदम कशी उतरेल, असं ज्याने लिहिलं त्याच्या घरात कुणी हरतालिका केली नसावी.

सकाळी दहापासून जिल्हाभर उपाशी बायकांची साखर उतरत गेली. यंत्राने ती तारांची चूक धरली, आकडे वर नेले. वरचा आकडा बघून पट्टीने इन्सुलिन सोडलं. साखर आणखी उतरली, यंत्राने आणखी वर नेली. काटा तराजूशी जुळवला, वजनाशी जुळवलाच नाही.

"हा काटा मी बाजारात बघितला असता तर निरीक्षकाला बोलावून सील ठोकायला लावलं असतं," शेख वकीलबाईंना नागनाथ म्हणाला.

मेहजबीन शेख यांचं ऑफिस तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर. त्यांच्या वडिलांच्या किराणा दुकानाचा काटा नागनाथच जुळवायचा.

"काका, आधी एक सांगा. 'सहमत' दाबलंत?"

"दोनदा. एकदा पट्टी घेतली तेव्हा, तिचे हात पिठाचे होते म्हणून मीच दाबलं. एकदा ती गेल्यावर."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "गेल्यावर कशाला दाबलंत हो?"

"आकडे बघायला."

"आता ऐका. तीन कुलपं आहेत. पहिलं, कोर्टात जायचं नाही, ग्राहक आयोगातही नाही. तीन वर्षांपूर्वीच्या ऑनलाइन सेवा कायद्यानं त्यांना ती मुभा दिलीय. तंटा लवादाकडे. लवाद कोण ते कंपनी ठरवणार, पैसे कंपनी देणार. दुसरं, दोघांनी मिळून तक्रार करायची नाही, ज्यानं त्यानं एकट्यानं यायचं. तिसरं, कलम एकेचाळीस, लवादात काय झालं, नोंदीत काय होतं, कुणाला बोलायचं नाही. बायकोच्या खात्यात हे होतंच. वारस म्हणून दाबलंत तेव्हा तुम्हीपण आत."

"म्हणजे रक्त मोजताना सगळ्यांचं एकत्र, आणि रडायचं मात्र एकेकट्यानं?"

"असंच लिहिलंय."

"हे कोण वाचतं?"

"कुणीच नाही, काका. मी वकील आहे, मीसुद्धा गॅसचं बुकिंग करताना न वाचता दाबते."

तरी त्यांनी सोलापूरला आयोगात अर्ज लावला. चौथ्या मिनिटाला तो निकाली निघाला. करार आहे, लवादाकडे जा.

लवादाची तारीख मिळेपर्यंत नागनाथ काट्यांच्या दुरुस्तीला गावोगाव हिंडत होता. प्रत्येक दुकानात काटा उघडता उघडता तो विचारायचा, "हरतालिकेला तुमच्याकडं कुणाला काही त्रास?" पांगरीच्या किराणावाल्याची वहिनी त्या दिवशी मंदिरात पडली होती, दात तुटला. "उपासानं चक्कर आली," तो म्हणाला. दंडाला पट्टी होती का? होती की. गौडगावात एक शिक्षिका दोन दिवस बेशुद्ध. उपळ्यात एक. सगळीकडे एकच उत्तर, उपासानं. वैरागला खताच्या दुकानात मालक, साठीचा माणूस, प्रश्न ऐकून बिलं चाळायला लागला. भिंतीवर हार घातलेला बाईचा फोटो होता.

"ह्या कधी गेल्या?"

मालकाने काट्याकडे बोट केलं.

"हरतालिकेला?"

"कोठावळे, तुम्ही काटा बघा. मला बोलता येत नाही. सही केलीय मी."

"मान तर हलवता येती?"

मालकाने दुकानाच्या दारातून बाहेर रस्त्याकडे बघितलं. मग मान हलवली. वर खाली, एकदा. नागनाथने काटा जुळवला आणि मजुरी न घेता निघाला.

सुनावणी मोबाइलवर झाली. लवाद म्हणजे कुणी माणूस नव्हता. गोड, शुद्ध मराठी बोलणारा आवाज होता, कंपनीच्याच पसंतीच्या 'त्वरित निवाडा' नावाच्या सेवेचा. वकीलबाईंना शेजारी बसायला परवानगी होती, बोलायला नव्हती.

"श्री. कोठावळे, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्याकडे अठरा मिनिटे आहेत."

नागनाथने बावन्नचा आकडा सांगितला. मीटरच्या स्मरणात तो वेळेसकट होता. द्रावणाची बाटली, एकशे अठरा, एकशे एकोणीस, सगळं सांगितलं.

"ही तपासणी आपण स्वतः केली आहे. हितसंबंधी व्यक्तीने केलेली तपासणी ग्राह्य धरता येत नाही."

"मग पट्टी कुणी तपासली?"

"उत्पादकाने."

"त्याचा हितसंबंध नाही व्हय?" नागनाथचा आवाज चढला. "माझ्या धंद्यात काटा मी दुरुस्त करतो, पण शिक्का मी मारू शकत नाही. शिक्का मारायला सरकारचा निरीक्षक येतो. कांदे तोलायच्या काट्याला हा कायदा आहे. आणि माणसाच्या रक्ताला नाही?"

"आपली भावना नोंदवली आहे. दवाखान्यातील एकवीस ही नोंद मृत्यूनंतरची आहे. मृत्यूनंतर रक्तातील साखर आपोआप उतरते."

"वैरागला एक बाई त्याच दिवशी, त्याच वेळी..."

"इतर व्यक्तींचा उल्लेख या सुनावणीत करता येत नाही. आता एक प्रश्न. मीटरवर बावन्न दिसल्यावर वापरकर्तीने आपल्याला विचारले होते का?"

वकीलबाईंनी नागनाथकडे बघितलं. ही गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती.

"विचारलं होतं."

"आपण काय सल्ला दिला?"

नागनाथने हातातलं जुनं मीटर टेबलावर पालथं ठेवलं.

"कशाला मोडतीस, म्हणालो."

"धन्यवाद. आपण फार प्रामाणिक आहात."

निवाडा दुसऱ्या दिवशी आला. उपकरण मर्यादेत चालले. विरुद्ध आकडा समोर असूनही कुटुंबीयाने आहार रोखला. तरीही सहानुभूती म्हणून कंपनी काही रक्कम देईल, मौन राखल्यास. नागनाथने रक्कम किती ते वाचलं नाही. त्याने एकच मागणी लिहून पाठवली: चार वीसची एकशे अडुसष्टची नोंद चुकीची आहे असं लिहून द्या, बाकी काही नको. उत्तर आलं, चूक सिद्ध न झाल्याने दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.

"म्हणजे बघा," तो वकीलबाईंना म्हणाला, "चूक सिद्ध झाली नाही म्हणून चूक नाही. चूक नाही म्हणून दुरुस्ती नाही. पुढच्या हरतालिकेला हेच यंत्र, हेच गणित."

"प्रत्येक केसला वेगळा निवाडा, काका. एकाला दुसऱ्याची खबर नाही. पन्नास बायका गेल्या तरी कागदावर पन्नास उपास."

दिवाळीला रेवती आली. प्रभावतीशिवायची पहिली दिवाळी, फराळ विकतचा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आप्पा, घ्या ते पैसे आणि संपवा. किती दिवस एका आकड्याच्या मागे लागणार?"

"तो आकडा खोटा आहे."

"मग कशानं गेली आई? सांगा की."

"बोलता येत नाही."

"मला? मुलीला? कसलं कलम लावताय मला?" ती रडायला लागली. "पट्टी मी आणली. तिला नको होती. 'सुई बरी आहे गं' म्हणत होती, मी बळंच लावली. मीच मारलं तिला, एवढं तरी तोंडानं म्हणा."

नागनाथला म्हणायचं होतं, तू नाही. पण ते म्हटलं की दुपारची गोष्ट सांगावी लागली असती. "कलम आहे, रेवा. मला बोलता येत नाही," तो पुन्हा म्हणाला. त्या कलमाचा त्याला पहिल्यांदाच आधार वाटला. रेवती संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली. त्यानंतर दहा महिने तिचा फोन आला तर औषधपाण्यापुरता. कंपनीवरचा राग नागनाथला सोपा होता. ज्या दिवशी त्याने कंपनीच्याच कुलपामागे तोंड लपवलं त्या दिवसाचा राग त्याला कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

श्रावण संपत आला तेव्हा तो पुन्हा वकीलबाईंकडे गेला.

"परवानगी नाही मागत. फक्त सांगा, दुसऱ्याच्या बोटातला थेंब मोजायला कलम आहे का?"

वकीलबाईंनी करार पुन्हा वाचला. तासभर वाचला. "नाही. टोचायचं ज्याचं त्यानं. तुम्ही मोजायचं, लिहून द्यायचं. पण काका, तोंड उघडायचं नाही. प्रभामावशीचं नाव नाही, पट्टीचं नाव नाही. उघडलंत तर ते नुकसानभरपाई मागतील, घरावर येतील."

"बरं."

त्याने रेवतीला एक ओळ पाठवली: हरतालिकेला जुन्या मीटरमध्ये घालायच्या पट्ट्या लागतील, पुण्यात स्वस्त मिळतात, आणशील का. ती काही न विचारता दोन पिशव्या भरून घेऊन आली.

हरतालिकेच्या सकाळी महादेवाच्या देवळाशेजारच्या सभागृहात लता आणि गल्लीतल्या बायका पूजेला जमल्या. कोपऱ्यात नागनाथने टेबल मांडलं. दोन मीटर, द्रावणाची बाटली, गुळाची ढेप, वही. आणि का कोण जाणे, त्याने आपली पितळी वजनांची पेटीही आणून ठेवली होती. पाटी लावली: साखर मोजून मिळेल.

"काय भावजी, ह्या वयात डॉक्टरकी?" लता म्हणाली.

"काटेवाल्याकडं रक्त द्यायचं म्हणजे पावशेर काढून घेतील," दुसरी म्हणाली. बायका हसल्या. नागनाथही हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

दहा वाजता पट्टीचा आकडा आणि बोटाचा आकडा जवळजवळ सारखेच होते. अकराला दहा-पंधराचा फरक. नागनाथ वहीत दोन रकाने भरत होता, तोंडातून शब्द नाही. साडेबाराला लताची जाऊ सुलभा आली. पट्टी एकशे अठ्ठावन्न. बोट चौऱ्याहत्तर. त्याने द्रावणाचा थेंब देऊन मीटर तपासलं. मीटर खरं. दुसऱ्या मीटरवर घेतलं. बहात्तर.

त्याने गुळाचा खडा काढून तिच्यापुढे ठेवला.

"हे काय अण्णा? आज उपास आहे माझा."

नागनाथने गूळ पुढे सरकवला. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून दाखवले.

"मोबाइल तर चांगलं म्हणतोय की. हिरवा दिवा आहे." सुलभाचा हात टेबलावर होता आणि तो बारीक थरथरत होता. "तुमचं मीटर जुनं असंल. सांगा ना, मोडू का उपास?"

मागे बारा बायका रांगेत. बाजूला रेवती मीटरच्या पट्ट्यांची डबी घेऊन उभी. नागनाथने वही मिटली.

"मोड," तो म्हणाला. "आत्ता मोड. आणि ती पट्टी काढ दंडावरची. सगळ्यांनी काढा. मधुरेखा पट्टी उपासाच्या दिवशी खोटं बोलती. सगळ्यांची साखर एकदम उतरली की तिला वाटतं तारा बिघडल्या, आणि ती वरून इन्सुलिन सोडती. माझी बायको त्यानं गेली. उपासानं नाही. ऐकलं का? उपासानं नाही."

कहाणी वाचणारी बाई पुस्तक धरून तशीच बसली होती.

"तिनं मला विचारलं होतं, हिच्यासारखंच. मीटर बावन्न म्हणत होतं. मोडू का, म्हणाली. मी म्हणालो, कशाला मोडतीस." त्याने रेवतीकडे बघितलं नाही, बघणं जमलं नाही. "तू नाही, रेवा. पट्टी तू आणलीस. मोडू नको मी म्हणालो. वर्षभर तुला सांगितलं नाही, आणि कलमाचं नाव पुढं केलं."

सुलभाने गूळ तोंडात टाकला. मग दंडावरची पट्टी ओढून काढली. तिच्यामागे एकेक बाई पट्टी काढून टेबलावर ठेवायला लागली. गुळाची ढेप रेवतीने फोडली. फोडलेला पहिला खडा तिने दुसऱ्या बाईला दिला, आणि पुढची पट्टी मीटरमध्ये घालून त्याच्याकडे सरकवली. "आकडा लिहा आप्पा," एवढंच म्हणाली. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या शेजारून हलली नाही.

त्या दिवशी त्रेचाळीस बायकांनी थेंब दिले. सतरा जणींचा फरक साठाच्या वर होता. पाच वाजता नागनाथच्या मोबाइलवर नोटीस आली: कलम एकेचाळीसचा भंग. सभागृहातल्या कुणाच्या तरी मोबाइलने ऐकलं असेल, नाहीतर इतक्या पट्ट्या एकदम निघालेल्या त्यांना दिसल्या असतील. नोटिशीखाली बटण होतं, 'मिळाली, सहमत'. नागनाथने ते दाबलं नाही. मोबाइल वजनांच्या पेटीत ठेवून झाकण लावलं.

वकीलबाईंनी त्रेचाळीस नावांची वही घेऊन सोलापूरला पुन्हा अर्ज केला आहे. त्यावर अजून तारीख पडलेली नाही. वैरागच्या खताच्या दुकानदाराने ह्या अर्जावर सही द्यायची की नाही ते अजून ठरवलेलं नाही. बार्शीत त्या दिवशी कुणी गेलं नाही. बाकीच्या गावांत कोण गेलं ते नागनाथला माहीत नाही, ते विचारायला जायचं राहिलं आहे. समूहजुळणी चालू आहे, आणि महिन्याभरात नवरात्र आहे.

आणि प्रभावती नागनाथ कोठावळे यांच्या खात्यात, त्या हरतालिकेला, चार वाजून वीस मिनिटांनी साखर अजून एकशे अडुसष्टच आहे. ती नोंद दुरुस्त झालेली नाही.